कोणाकडून आलात?

जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली संध्याकाळ. पाऊस नुकताच पडून गेला होता, नारायण पेठेतल्या आमच्या बोळात घोट्याएवढं पाणी होतं, आणि एक बाई स्कूटीच्या पायाशी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली बाजाची पेटी घेऊन दुकानाच्या दाराशी येऊन थांबल्या. गळ्यात बँकेचं ओळखपत्र तसंच लटकत होतं. बाबांनी पेटी उतरवून घेतली, प्लॅस्टिकच्या गाठी सोडवल्या (कापल्या नाहीत, सुतळी आणि प्लॅस्टिक हे आमच्याकडे कापत नाहीत), भाता एकदा मारून पाहिला. फुस्स. दुसरा कुठलाही कारागीर इथे "काय झालं हिला?" असं विचारेल. बाबांचा पहिला प्रश्न गेली पन्नास वर्षं ठरलेला आहे. "कोणाकडून आलात?" बाई म्हणाल्या, "गूगलवरून." बाबांनी वही ओढली, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि चौथ्या रकान्यात सुबक अक्षरात लिहिलं, गूगल. मग बाई ओढणीनं हात पुसत म्हणाल्या, "ते तुमचं उंदरांचं वाचलं, आणि म्हटलं, हीच माणसं आपली पेटी नीट बघतील." बाबा एवढे खूश झाले की त्यांनी मला चहा सांगायला पाठवलं.

चहा सांगून परत येताना मी बोळात मध्येच थांबले. उंदरांच्या पानावर गूगलवरून कोणीच येत नाही.

हे मला माहीत असायचं कारण म्हणजे दुकानाची ती वेबसाइट मीच करून दिली आणि तिचा महिन्याचा हिशोब मीच बघते. मी पेशानं हिशोबनीस. दिवसभर टॅलीमध्ये लोकांच्या नोंदी जुळवायच्या, आणि रात्री जेवण झालं की बाबांच्या साइटवर कोण आलं, कुठून आलं, किती वेळ थांबलं, हे बघत बसायचं. कामाचा कंटाळा घालवायला तसलंच दुसरं काम, असं माझा मुलगा म्हणतो. उंदीर भात्यात का शिरतात यावर बाबांनी सांगितलेलं आणि मी टंकलेलं एक पान तिथे आहे. देवघराशेजारी पेटी ठेवू नका, नैवेद्याचे कण पडतात. भात्याच्या घडीत ऊब असते, कातड्याला घामाचं मीठ लागलेलं असतं, उंदराला आणखी काय हवं. कापूर ठेवा, पण डांबरगोळी ठेवू नका, तिच्या वासानं गाणाऱ्याचा घसा धरतो. या पानावर महिन्याला जी काही दहाबारा माणसं येतात ती सगळी बिंग या मायक्रोसॉफ्टच्या शोधयंत्रावरून येतात. दुपारी एक ते पाचच्या मध्ये. सोमवार ते शुक्रवार. मोबाइलवरून नव्हे, कॉम्प्युटरवरून. म्हणजे ही ऑफिसात बसलेली माणसं आहेत. तिथल्या विंडोजच्या मशिनवर एज हा ब्राउझर उघडतो, एजमध्ये बिंग असतं, आणि जेवणानंतरच्या त्या जड वेळात फायली बाजूला सारून कोणीतरी घरातल्या बिघडलेल्या पेटीचा विचार करत असतं. बँकेतल्या बाईंनी "गूगल" म्हटलं आणि बाबांनी ते लिहून घेतलं. वहीत चूक झाली होती. आणि बाबांच्या वहीत चूक होणं ही आमच्या घरात साधी गोष्ट नाही.

त्या वहीबद्दल सांगायला हवं. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, वाण्याकडे असते तशी. पहिली १९७४ ची. रेडिओनं १९४० साली पेटीवर घातलेली बंदी १९७१ मध्ये सैल केली, आणि "रेडिओनं दार उघडलं, पाठोपाठ मी दुकान उघडलं" असं बाबा सांगतात, जणू दोघांनी मिळून ठरवलं होतं. खरं तर त्या एकतीस वर्षांत रेडिओवर पेटी नव्हती तरी गावोगावच्या भजनात, कीर्तनात, नाटकाच्या तालमीत ती वाजतच होती, बिघडतच होती आणि दुरुस्तही होतच होती. वहीत रकाने पाच. तारीख, नाव, काय बिघाड, कोणाकडून, किती घेतले. चौथा रकाना हौसेचा नव्हता. दुकान बोळाच्या आत, रस्त्यावरून दिसत नाही, पाटी लावली तरी ती बोळात शिरल्याशिवाय वाचता येत नाही. कोणीतरी पाठवल्याशिवाय इथे माणूस येणं शक्यच नव्हतं. तेव्हा पाठवणाऱ्याचा हिशोब ठेवायचा, आणि वर्षात पाच किंवा त्याहून जास्त गिऱ्हाइकं ज्यानं पाठवली त्याच्या घरी दिवाळीत फराळाचा डबा जायचा. आई कुरकुरायची. चकल्या तिनं तळायच्या आणि हिशोब बाबांनी मांडायचा, यात तिला अन्याय दिसे. पण डबे भरताना वही मागून घ्यायची तीच, आणि एखाद्याचे चारच झाले असतील तर "एक राहिला बिचाऱ्याचा" म्हणून छोटा डबाही तीच काढायची.

या रकान्यात ऐंशीच्या सुमाराला एक भानगड झाली. आमच्या भागात एक गाणारे बुवा राहत. नाव मोठं, शिष्य मोठे, दारात गाड्या. वहीत पाहावं तर दर दोन पानांवर बुवांचं नाव. बुवांकडून, बुवांकडून, बुवांकडून. बाबांनी त्या दिवाळीला नुसता डबा नाही, सोबत उपरणंही नेलं. बुवांनी डबा घेतला, उपरणं परत केलं आणि म्हणाले, "मी तर तुमच्याकडे यंदा दोनच जणांना धाडलं." बाबा घरी आले ते वही घेऊनच बसले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी प्रश्नाला शेपूट जोडलं. कोणाकडून आलात, आणि खूण काय सांगितली होती? बुवा रस्ता सांगत तो नेहमी विहिरीच्या बाजूनं. बोळाच्या तोंडाशी एक शिंपी बसायचा, तो मात्र सगळ्यांना सांगे, "निळं दार सोडा, पुढे सरसाचा वास येईल, तिथं." गिऱ्हाईक म्हणे बुवांकडून आलो, आणि खूण विचारली की म्हणे, निळं दार. मग उलगडलं. शोधत शोधत माणसं बोळाच्या तोंडाशी येत, शिंप्याला विचारत, तो मशिनवरची मान वर न करता सांगे, आणि आत आल्यावर मात्र ती बुवांचं नाव घेत. कोणी दोन रुपये कमी होतील म्हणून, कोणी शान म्हणून, आणि बरेच जण तर निव्वळ दुसरं नाव ठाऊक नाही म्हणून. शिंप्याचं नाव कोणी विचारलंच नव्हतं. त्या वर्षीपासून सगळ्यात मोठा डबा शिंप्याकडे गेला. तो डबा बघून शिंपी आधी घाबरला, असं आई सांगायची. त्याला वाटलं कापड बिघडलंय आणि ही भांडायची नवी पुणेरी तऱ्हा आहे.

मी साइट केली २०११ मध्ये. बाबांना ती नको होती. "बोळात लोक येतात तेवढे पुरेत" हे त्यांचं म्हणणं. मग मी त्यांना एका रविवारी हिशोबाचा तक्ता दाखवला आणि म्हटलं, हे बघा, इथेही चौथा रकाना आहे. एखाद्या दुव्यावर बोट ठेवलं की आपला ब्राउझर नव्या पानाला हळूच सांगतो, हा माणूस अमुक पानावरून आलाय. माणसाला विचारावंही लागत नाही. बाबा पुढे सरकले. त्या रकान्याला इंग्रजीत रेफरर म्हणतात, पण ज्या दस्तऐवजात १९९६ साली हे नियम लिहिले गेले त्यात त्या शब्दाचं स्पेलिंगच चुकलेलं आहे, मधे दोन आर हवेत तिथे एकच पडला. आणि लक्षात येईपर्यंत ते इतक्या ठिकाणी वापरात गेलं होतं की आजही जगातला प्रत्येक ब्राउझर चुकीचं स्पेलिंगच पाठवतो, हे मी सांगितलं तेव्हा बाबांचा साइटवरचा राग गेला. दुकानांच्या पाट्यांवरची शुद्धलेखनं आत जाऊन सांगणारा हा माणूस. "म्हणजे अख्ख्या जगाच्या वहीत रकान्याचं नावच अशुद्ध?" असं त्यांनी त्या आठवड्यात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं. काहींना कळलं, बरेच जण पेटी झाली का एवढंच विचारून गेले.

पण तो रकाना दिसतो तितका प्रामाणिक नाही. आधी तर शोधताना माणसानं काय शब्द टाकले तेही त्यात कळायचे. २०११ पासून गूगलनं ते झाकायला सुरुवात केली, २०१३ पर्यंत जवळजवळ सगळेच झाकले, आणि रकान्यात "दिलेले नाही" असं येऊ लागलं. माणसाच्या खाजगीपणाच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं, पण मला ते निळ्या दाराची खूण पुसल्यासारखं वाटलं. शब्द बघायचे तर आता शोधयंत्रानंच दिलेल्या वेगळ्या तक्त्यात, त्याला दाखवायचे तेवढे. आणि "थेट आले" म्हणून जो मोठा ढीग दिसतो, तो थेट वगैरे काही नाही. कोणी भजनी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुवा टाकते, बायका तो उघडतात, आणि व्हॉट्सअ‍ॅप काही सांगत नाही कोणी धाडलं ते. बाबांच्या जुन्या वहीत अशांसाठी एक शब्द होता. असंच. "कोणाकडून?" "असंच, दिसलं दुकान." बाबा त्यावर विश्वास ठेवत नसत. बोळातलं दुकान असंच दिसत नाही.

मला कधी कधी आठवतं ते शोधण्याला एकच नाव नव्हतं तेव्हाचं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी कॉलेजात होते, डेक्कनला जिन्याखालच्या सायबर कॅफेत आम्ही तिघी मिळून एक तास घ्यायचो, आणि काय उघडायचं यावर त्यातली पाच मिनिटं वादात जायची. एकीला याहू आवडायचं, कारण तिथे खरी माणसं बसून साइट्स खणात लावायची, ग्रंथालयासारख्या. मला अल्टाव्हिस्टा, कारण शब्द टाकला की ते धबाधबा हजारो पानं ओतायचं आणि आपण काहीतरी मोठं केल्यासारखं वाटायचं. आपल्याकडचं खोज नावाचंही एक होतं, ते आणि त्याची भावंडं १९९९ मध्ये सत्यम इन्फोवेनं ४९९ कोटींना घेतली तेव्हा तो आकडा कट्ट्याकट्ट्यावर चघळला गेला होता. ४९९ च का, एक कोटी दक्षिणा म्हणून सोडली का, असले विनोद. अल्टाव्हिस्टा २०१३ च्या जुलैत बंद झालं. त्या दिवशी मला चक्क वाईट वाटलं, आणि लगेच लक्षात आलं की मी ते दहा वर्षांत एकदाही उघडलं नव्हतं. वाड्यातल्या एखाद्या म्हाताऱ्याच्या बातमीसारखं. आपणच जात नव्हतो, आता हळहळतो.

मराठीत तर तेव्हा शोधणंच नव्हतं. साइट्स होत्या, पण प्रत्येकीचा फॉन्ट आपापला. डोळ्यांना देवनागरी दिसायची, आत साठवलेली मात्र रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी, आणि शोधयंत्र वाचणार ती खिचडी. ज्या शहरात देवनागरी कॉम्प्युटरवर आणणारी सी-डॅक आहे, ज्या शहरात श्रीलिपीचे फॉन्ट तयार झाले, तिथल्या मुलीला "पेटी" हा शब्द टाकून काही मिळत नव्हतं. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठी एकच ठरलेली पद्धत, रुळल्यावर मिळू लागलं आणि मग कळलं की मिळून उपयोग नाही. बाबांचा हट्ट म्हणून साइटवर ठळक अक्षरात "पेटी दुरुस्ती" होतं. हार्मोनियम म्हणणं त्यांना आवडत नाही, तो त्यांच्या मते लग्नपत्रिकेतला शब्द. पण यंत्राला काय कळणार? पेटी म्हटलं की त्याला आंब्याची पेटी, मतपेटी, दानपेटी, आणि मुंबईकडून आलेलं असेल तर एक लाख रुपयेसुद्धा. पहिल्या वर्षी आमच्याकडे आलेल्यांत हापूस शोधणारे किती होते ते त्यांच्या थांबण्याच्या वेळेवरून कळायचं. तीन सेकंद. माणसं "हार्मोनियम रिपेअर पुणे" असं टाकतात, तेही रोमनमध्ये. मी बाबांना न विचारता पहिल्या पानाचं शीर्षक बदललं. उंदरांच्या पानाला हात लावला नाही. तिथे अजून "बाजाची पेटी" असंच आहे.

आता माझ्या हिशोबी डोक्याला त्या संध्याकाळी जे टोचलं ते हे. भारतात शोधयंत्रांमध्ये गूगलचा वाटा शंभरात सत्त्याण्णवच्या आसपास, हे स्टॅटकाउंटर या मोजणी करणाऱ्या कंपनीचे आकडे सगळीकडे छापून येतात. वाचणारा समजतो, शंभरातले सत्त्याण्णव शोध गूगलवर होतात. पण हे आकडे शोध मोजून काढलेलेच नाहीत. असंख्य साइट्सवर त्यांचं मोजणीचं यंत्र बसवलेलं असतं आणि शोधयंत्राकडून आलेली पानं त्यावर मोजली जातात. म्हणजे ही बाबांचीच पद्धत झाली, पोचलेल्या गिऱ्हाइकाला दारात विचारायचं. अमेरिकेत कॉमस्कोर ही कंपनी वर्षानुवर्षं दुसऱ्या बाजूनं मोजत असे, काही माणसं निवडून ती किती वेळा शोधतात ते. एक मोजणी चौकातल्या विचारणाऱ्यांची, एक दारात आलेल्यांची. दोन्हीला लोक "लोकप्रियता" हाच शब्द वापरतात, आणि मी टॅलीत अशा दोन नोंदी एका खात्यावर टाकल्या तर साहेब मला घरी बसवतील. कारण एखाद्यानं चौकातच उत्तर देऊन माणसाला परत पाठवलं, तर पहिल्या वहीत तो वाढतो आणि दुसऱ्या वहीत घटतो. आणि दुसऱ्याही वहीत सत्त्याण्णव हा सगळ्या दारांचा मिळून आकडा. आमच्या दाराचा तो नाही. आमच्याकडे बिंगवरून आलेले मूठभर, पण त्यांतले पत्त्याचं पान उघडणारे अधिक. बाकीचे येतात मोबाइलवर, बसमधून, एका अंगठ्यानं, आणि तसेच जातात.

बरं, बिंग म्हणजे तरी कोण? तक्त्यात याहूचे दोघे, डकडकगो या बदकाच्या चित्राच्या शोधयंत्राचा एक, असे वेगळे दिसतात. "हे बदक कोण?" असं बाबांनी विचारलं होतं. पण याहू स्वतः शोधत नाही, २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टशी करार झाला आणि नंतर त्यांचे निकाल बिंगकडून येऊ लागले. बदकाचेही बरेचसे तिथूनच. वाड्यात तीन बिऱ्हाडं, तिघांनाही पत्ता विचारा, तिघंही आत जाऊन त्याच एका आजोबांना विचारून येणार. आणि ज्याच्याकडे एवढे लोक उधारीवर येतात त्या बिंगची गत काय, तर २०२१ मध्ये लक्झेंबर्गच्या न्यायालयात गूगलच्या वकिलांनी सांगितलं की बिंगवर सगळ्यात जास्त शोधला जाणारा शब्द "गूगल" आहे. शिंप्याच्या दुकानात येऊन रोज बुवांचा पत्ता विचारणं! मला हे वाचून हसू आलं आणि मग जरा वेळ आलंच नाही. गूगलच्या मक्तेदारीवरच्या अमेरिकेतल्या खटल्यात हेही बाहेर आलं की फोनवर, ब्राउझरवर आपलंच यंत्र आधीपासून बसवलेलं असावं म्हणून गूगलनं २०२१ या एका वर्षात २,६३० कोटी डॉलर मोजले. बाबांना मी हे समजावलं. ते म्हणाले, "म्हणजे बोळाच्या तोंडाशी बसायचं भाडं." पुढच्याच वाक्याला त्यांनी विचारलं, "शिंप्याला कोण देत होतं?" कोणीच नाही. त्याला बसायला जागा होती, उजेड होता आणि मशिन होतं, म्हणून तो तिथे होता.

शिंप्याची पुढची गोष्ट मला सांगायची नव्हती, पण आता ती टाळता येत नाही. फराळ येऊ लागल्यावर तो पेटीत रस घेऊ लागला. दुपारी कामाला खंड पडला की आत येऊन स्टुलावर बसायचा, बाबा सूर, म्हणजे पेटीतली पितळेची जीभ, कसा घासतात ते बघायचा. टोकाशी खरवडलं की सूर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो. गुजरातेतल्या पालिताण्याचा सूर असा वाजतो, जुना जर्मन असा. पावसात पट्टी अडकली तर हात लावू नका, आठ दिवस उन्हाच्या बाजूला ठेवा. त्याला सगळं पाठ झालं. आणि मग तो बोळाच्या तोंडाशीच सांगू लागला. "पट्टी अडकते? आत जायची गरज नाही, आठ दिवस थांबा. भाता फुसफुसतो? कापड आहे माझ्याकडे, चिकटवा." त्यात वाईट हेतू काही नव्हता. माणसाचे कष्ट वाचवतो आहोत असंच त्याला वाटत असणार, आणि दहातल्या सहा वेळा तो बरोबरही असायचा. वहीचा चौथा रकाना त्या वर्षी ओसाड पडला. बाबांनी दिवाळीला डबा पाठवला की नाही हे मला नीट आठवत नाही. आई असती तर तिनं सांगितलं असतं.

स्पार्कटोरो या अमेरिकन संशोधन कंपनीनं २०२४ मध्ये मांडलेला एक हिशोब माझ्या टेबलावर लिहून ठेवलेला आहे. अमेरिकेत गूगलवर हजार शोध झाले तर त्यातले ३६० क्लिक बाहेरच्या, गूगलच्या नसलेल्या साइट्सकडे जातात. बाकीचे तिथेच मिटतात, किंवा पुन्हा शोधतात, किंवा गूगलच्याच दुसऱ्या खोलीत जातात. आणि हे मोजलं गेलं तेव्हा निकालांच्या डोक्यावर यंत्रानं स्वतः लिहिलेली उत्तरं नुकती कुठे येऊ लागली होती; आपल्याकडे ती त्याच वर्षीच्या ऑगस्टात आली. आता माझ्या तक्त्यात दोन रेघा असतात. एक शोधाच्या निकालांत दिसण्याची, एक साइटवर येण्याची. पूर्वी त्या हातात हात घालून वर जायच्या आणि खाली यायच्या, गणपतीच्या आधी दोन्ही चढायच्या. आता दिसण्याची चढते आणि येण्याची तिथेच. शिवाय दाराशी वेगळीच वर्दळ. चॅटजीपीटीवाल्यांच्या जीपीटीबॉटसारखे रोबो येतात, सगळी पानं वाचतात, उंदरांचंही, आणि जातात. त्यातून कुठे कोणाला कापूर ठेवायचा सल्ला मिळत असेल तर मिळो. बाबांना मी एवढंच सांगितलं की आता वाचून जाणारे वाढलेत. ते म्हणाले, "वाचू दे. पेटी घेऊन कोण येतंय ते सांग."

नऊ दिवसांनी बँकेतल्या बाई पेटी न्यायला आल्या. या नऊ दिवसांत मी बाबांना काही बोलले नव्हते. त्यांचं वय एक्क्याऐंशी, चौथ्या रकान्यात एक शब्द इकडचा तिकडे झाल्यानं जगाचं काय जाणार, आणि खरं सांगायचं तर आता फराळ करायलाही कोणी नाही. बाबांनी नवं कातडं लावलेला भाता मारला, काळी एक धरून ठेवली. बोळभर सूर पसरला, समोरच्या खिडकीतल्या काकूंनी मान बाहेर काढून आत घेतली. बाईंनी पैसे मोजले. बाबांनी पावती लिहिली, आणि मग वही बंद करता करता सहज विचारावं तसं विचारलं, "ते उंदरांचं तुम्ही कुठे बसून वाचलंत?"

मी हातातलं बिल तसंच धरून ठेवलं.

"बँकेत," बाई म्हणाल्या. "लंच झाल्यावर. का हो?"

"मशिनवर की फोनवर?"

"मशिनवर. फोन आत नेता येत नाही आम्हाला."

"आणि त्यात काय उघडतं? रंगीत अक्षरांचं, की डोंगरसमुद्राचं चित्र येतं ते?" माझ्याकडे न बघता बाबांनी विचारलं. चित्राचं त्यांना कधी कळलं होतं कोण जाणे; मी रात्री तक्ते बघते तेव्हा ते मागे पेपर वाचत बसलेले असतात.

बाईंनी क्षणभर आठवून पाहिलं. "चित्र असतं बहुतेक. परवा कासव होतं. आम्ही काय, गूगल करतो म्हणतो आपलं. त्याचं नाव काही बघितलं नाही बाई कधी."

बाबांनी वही पुन्हा उघडली, जूनचं पान काढलं, "गूगल" या शब्दावर एक आडवी रेघ मारली, आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, बँकेचं मशिन (कासव).